दोर वरल्या गल्लीचा, घागर खालच्या गल्लीची

संक्रांत उलटली की मला शिंका येऊ लागतात. डॉक्टर म्हणतात धुळीमुळं. असेल. आमचं घर बेळगावात उद्यमबागेला लागून आहे. खिडकीच्या गजांवर रोज सकाळी फाउंड्रीची काजळी बसलेली असते. पण तिनं मला कधी शिंक येत नाही. यंदा कोल्हापूरचं लग्न आटपून बसनं परत येत होतो. निपाणीला एक शेतकरी चढला आणि माझ्या शेजारी बसला. त्याचे हात मनगटापर्यंत काळे, चिकट. त्यानं खिशातून तिकिटाचे पैसे काढले तेव्हा नोटही बोटाला चिकटून राहिली. तो हसला, आणि मला शिंका सुरू झाल्या त्या संकेश्वर गेलं तरी थांबेनात.

"तंबाखू सोसत न्हाय जनू," तो म्हणाला.

मी मान हलवली. सोसत नाही हे खरं. पण तंबाखू नव्हे.

त्या भागात आता ऊसच ऊस दिसतो. तंबाखूचं रान मधेच कुठंतरी तुकड्यानं उरलंय. पण ज्यानं जुना हंगाम पाहिलाय त्याच्या नाकातून तो जात नाही. कापलेली झाडं रानात उपडी पडलेली असतात. पहाटेचं दव असेतोवर पान मऊ असतं, म्हणून बायका उजाडायच्या आत रानात जाऊन ती झाडं उलथवून येतात. ऊन चढलं की तेच पान पापडासारखं चुरतं. वास आधी मधासारखा गोड येतो. मग घशात उतरतो आणि तिथं कडू होतो. बायकांच्या हाताला चीक बसतो, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा चीक. त्या हातानं भाकरी मोडली की भाकरी कडू. तान्ह्या पोराला जवळ घेताना बाई हात लांब धरते आणि नुसत्या कोपरांनी त्याला उचलते. हे मी पाहिलंय. असं कोपरांनी पोर उचललेलं दुसरीकडं कुठं पाहिलं नाही.

बसमधून उतरून घरी आलो तर फोन. पलीकडं एक मुलगी होती, आवाजात मोठा उत्साह.

"सर, यंदाचं शिबिर आम्ही त्याच गावात घेतोय! पंचायतीचे नवे मेंबर, बचत गटाच्या बायका, तरुण मंडळाची पोरं, सगळे येणार. तुमची ती विहिरीची गोष्ट आम्ही प्रत्येक बॅचला सांगतो. एका गोष्टीनं दोन गल्ल्या कशा जोडल्या ती. या वेळी तुमच्याच तोंडून ऐकायची आहे."

मी काहीतरी पुटपुटलो.

"आणि शेवंताक्कांचा सत्कार ठेवलाय सर. पण त्या नको म्हणतायत. तुम्ही तेवढं सांगा की त्यांना. तुमचं ऐकतात त्या."

तुमचं ऐकतात त्या. हे वाक्य घेऊन मी घरभर हिंडत राहिलो. या खोलीतून त्या खोलीत, तिथून गच्चीत, गच्चीतून परत. आयुष्यभर मी गावोगावच्या लोकांना उभं राहून बोलायला शिकवलं. शाळेतली नोकरी सोडून याच कामात पडलो होतो: गावातली चार कर्ती माणसं निवडायची, त्यांना त्यांच्याच गावाच्या ओव्या, म्हणी, गोष्टी हातात द्यायच्या, आणि त्यांच्या जोरावर गाव एकत्र कसं ठेवायचं ते शिकवायचं. पाणी, शाळा, दारू, भावकीची भांडणं, सगळ्याला गोष्टीची वाट काढता येते असं मी सांगायचो. अजूनही ते मला खोटं वाटत नाही. म्हणून तर स्वस्थ बसवत नाही.

"अहो, तिसऱ्यांदा चहा ठेवलात तुम्ही," बायको म्हणाली. "पिणार कोण?"

"असू दे."

"जायचं नसेल तर नाही म्हणा."

"नाही कसं म्हणू?"

"मग जाऊन खरं ते सांगा." तिनं गॅस बंद केला. "काय ते मला माहीत नाही. पण त्या गावाचं नाव निघालं की तुम्ही ताटावरून अर्धवट उठता, हे मी किती वर्षं बघतेय."

गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. निपाणीहून सदलग्याकडं जाताना आत वळलं की लागतं, एवढं पुरे. दोष माझा, गावाचं नाव कशाला?

त्या गावात दोन गल्ल्या. वरली गल्ली मराठ्यांची, घरात मराठी. खालची गल्ली जैन शेतकऱ्यांची, घरात कन्नड. बाजारात, बांधावर, बसस्टॉपवर दोन्ही भाषा इतक्या मिसळलेल्या की भाव एका भाषेत विचारायचा आणि घासाघीस दुसरीत करायची. दोन्ही गल्ल्यांच्या मधे एक विहीर. आणि तंबाखूचा शेवटचा बोद, म्हणजे बांधलेला गठ्ठा, गाडीत चढून गावाबाहेर गेला की त्या विहिरीवर हातधुणं व्हायचं.

दोर वरल्या गल्लीचा. तो वर्षभर त्यांच्याच एका घरात माळ्यावर असायचा. घागर खालच्या गल्लीची, पितळी, तीही वर्षभर त्यांच्याच एका घरात. त्या दिवशी दोर इकडून यायचा, घागर तिकडून यायची, आणि पाणी निघायचं. चिंचेचा कोळ आणि राख लावून वरल्या गल्लीच्या बायका खालच्या गल्लीच्या बायकांचे हात धुवायच्या, मग त्या यांचे. हंगामाचा चीक एकमेकींच्या हातावरून काढायचा. आपला आपण काढायचा नाही. आणि हात धुताना गोष्ट सांगायची.

गोष्टही तशीच, दोघींची. पहिली निम्मी वरल्या गल्लीच्या बाईनं मराठीत सांगायची: दुष्काळाचं वर्ष, विहीर खोल गेलेली, एक बाई घायपाताचा वाक वळून वळून लांब दोर करते, पण तिच्याकडं पाणी काढायला भांडं नाही. ती नुसताच दोर आत सोडते, ओलं झालेलं टोक वर ओढते आणि ते पोराच्या तोंडात पिळते. "दोर भिजला, पन पानी वर ईना," इथं ती थांबायची. मग बाकीच्या बायका खालच्या गल्लीकडं तोंड करून म्हणायच्या, "मुंद हेळ्री!" पुढं सांगा. आणि खालच्या गल्लीची बाई कन्नडमध्ये आपली निम्मी सुरू करायची: कोस दोन कोसांवरून आलेली नवी नवरी, माहेरची घागर, आणि घागर असून दोर नाही म्हणून दुसऱ्या बाजूला बसून राहिलेली ती.

दोन्ही गल्ल्यांना दोन्ही निम्म्या पाठ होत्या. पण दुसरीची निम्मी कुणी सांगत नसे. दुसरीची घागर कुणी घरी नेत नसे, तसंच.

त्या हंगामात निपाणीतल्या एका बंद पडलेल्या वखारीत माझं शिबिर होतं. फुकट मिळाली म्हणून घेतलेली जागा. उंच दारं, वर पत्रा, आणि फरशीत वर्षांनुवर्षं मुरलेली तंबाखू. कुणी जरा पाय आपटला की धूळ उठायची आणि सगळी रांग शिंकायची. मी बोलायला उभा राहिलो की कोपऱ्यातून कुणीतरी म्हणायचं, "सर, सावकाश बोला, तुमच्या वाऱ्यानं धूळ उडतीय." हशा. मलाही मजा यायची. मी तेव्हा तरुण नव्हतो, पण माझं नाव होऊ लागलं होतं. माणसाला पन्नाशीत नाव मिळू लागलं की ते विशीतल्या मिशीसारखं सारखं चाचपावंसं वाटतं.

माझा एक नियम होता. एक माणूस, एक गोष्ट. "नेतृत्व म्हणजे काय?" मी विचारायचो, आणि मीच उत्तर द्यायचो: "एकट्यानं उभं राहून सगळ्यांची गोष्ट सांगणं." टाळ्या यायच्या. मला तो नियम कुठल्याशा शहरातल्या प्रशिक्षणात मिळाला होता आणि मी तो न तपासता आमच्या भागात आणला होता.

त्या गावातून दोघी आल्या. शेवंताक्का वरल्या गल्लीची, उंच, बोलायला फटकळ. आणि पद्मक्का खालच्या गल्लीची, बुटकी, सगळं ऐकून मग बोलणारी. दोघींत एक छत्री आणि एक भाकरीचं फडकं. मी सांगितलं, गावातून एकीनंच गोष्ट सांगायची. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या.

शेवंताक्का उठली, सुरू झाली, आणि "पानी वर ईना" म्हणून खाली बसली.

"मग पुढं?" मी म्हणालो.

"पुढचं माझं न्हाय, सर. पुढचं हिचं."

"तुम्हाला येत नाही?"

"येतंय की! ऐकून ऐकून केस पांढरं व्हायची पाळी आली. पन माझं न्हाय."

पद्मक्का उठली आणि तिनं आपली निम्मी कन्नडमध्ये सांगितली. वखारीत अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या. मला कन्नड चांगलं येतं. इथं वाढलेल्या माणसाला येतंच. ती नवरी शेवटी उठते, दुसऱ्या बाईच्या दोराला आपली घागर बांधते, आणि बांधताना एक वाक्य बोलते. पद्मक्कानं ते वाक्य आवाज उतरवून, दोन्ही हातांनी गाठ मारल्यासारखं करून म्हटलं: गाठ मी मारणार, आणि सोडणार पण मीच.

मी ते ऐकलं. मला कळलंही. आणि माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की याला टाळ्या पडणार नाहीत.

सीमावादाचे ते दिवस कसे होते ते आता सांगून पटायचं नाही. दुकानांच्या पाट्यांना काळं फासलं जायचं. एका भाषेच्या सभेत दुसरी भाषा ऐकू आली की मागच्या रांगेत कुणीतरी उठून उभं राहायचं. समारोपाला बाहेरचे पाहुणे येणार होते. मी घाबरलो होतो, हे एक. आणि मला माझं शिबिर देखणं करायचं होतं, हे दुसरं. इतकी वर्षं मी स्वतःला पहिलंच कारण सांगत आलो. दुसरं जास्त खरं आहे.

मी शेवंताक्काला बाजूला घेतलं. सगळी गोष्ट तूच सांग म्हणालो. ती नाही म्हणाली. मी म्हणालो, गावाचं भलं होईल, विहिरीचं काम मंजूर होईल, पाहुण्यांच्या हातात आहे. ती नाही म्हणाली. मग मी म्हणालो, "तुमच्यात नेतृत्व आहे, शेवंताक्का. ते असं अर्ध्यावर थांबवू नका." यावर ती नाही म्हणाली नाही. तिला आयुष्यात कुणी असं म्हटलं नव्हतं. मी ते ओळखून म्हणालो होतो.

"पद्मीला काय सांगू?" तिनं विचारलं.

"मी सांगतो," मी म्हणालो. आणि सांगितलं नाही.

नवरीचं वाक्यही मी बदललं. घागर बांधताना ती नवरी म्हणते, 'आजपासून आपण दोघी एकच.' हे माझं. ते कुठल्याही गल्लीचं नाही, कुठल्या विहिरीचं नाही. मी ते चहाच्या टपरीवर उभा राहून रचलं.

समारोपाच्या दिवशी शेवंताक्का एकटी उभी राहिली. "पानी वर ईना" म्हटल्यावर ती सवयीनं थांबली. पद्मक्का समोरच बसली होती. तिनं उठण्यासाठी हात जमिनीला टेकवलासुद्धा. मी बाजूनं हळूच म्हणालो, "पुढं, शेवंताक्का, पुढं." आणि शेवंताक्का पुढं सांगत गेली. मी पद्मक्काकडं पाहिलं नाही. जमिनीला टेकलेला तो हात मात्र दिसत राहिला. तो पुष्कळ वेळ तसाच होता.

टाळ्या खूप पडल्या. पाहुण्यांनी डोळे पुसले. धुळीनंही पुसले असतील.

ही गोष्ट लिहितानाही मी मधेच उठतोय. आत्ता गच्चीत जाऊन आलो. समोरच्या कारखान्याची पाळी सुटत होती, मोटरसायकली एकामागून एक बाहेर पडत होत्या. त्यातली निम्मी पोरं खेड्यातली. सकाळी रानात पाणी धरून इथं कामाला येतात. घरी एक बोली, मशिनवर दुसरी, साहेबासमोर तिसरी. त्यांना कुणी विचारत नाही की तुमची गोष्ट कुठल्या भाषेतली. बरं आहे. विचारणारा माझ्यासारखा असला तर?

त्या हंगामाच्या शेवटी हातधुण्याला मी मुद्दाम गेलो. बरोबर दोन कार्यकर्तेही नेले, दाखवायला. ऊन कोवळं होतं. विहिरीच्या कट्ट्यावर चिंचेचा कोळ भिजवून ठेवलेला. दोर आला. घागरही आली. पाणी निघालं. बायकांनी एकमेकींचे हात धरले आणि शेवंताक्कानं गोष्ट सुरू केली. मला वाटलं, झालं, काही बिघडलं नाही.

"दोर भिजला, पन पानी वर ईना," ती म्हणाली आणि थांबली.

"मुंद हेळ्री," एक-दोघी म्हणाल्या.

पद्मक्कानं हातातला हात सोडला.

"तूच सांग की," ती मराठीत म्हणाली, सगळ्यांना कळावं म्हणून. "तुला सगळं येतंय. टाळ्या बी तुलाच. मी काय फकस्त पानी ओताय आले?"

"पद्मे, असं काय करतीस—"

"आणि एकच न्हवं आपण? मंग एकीनंच धू हात."

ती विहिरीपाशी गेली, वाकून घागरीची गाठ सोडली, आणि घागर कमरेवर घेऊन निघाली. तिच्यामागं खालची गल्ली. अर्ध्या बायकांचे हात कोळ लावलेले, न धुतलेले, तसेच पुढं धरलेले. त्यांना ते पुसताही येईनात. आणि शेवंताक्का माझ्याकडं बघत होती. तिला वाटत होतं, सर बोलतील. सर सांगतील, की हे माझं काम आहे.

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी. निवळेल." आणि दुपारची बस पकडली.

निवळलं नाही. पुढच्या हंगामाला दोन गल्ल्यांनी दोन ठिकाणी हात धुतले, नंतर कुणीच धुतले नाहीत. बोअर पडलं. विहिरीवर जाळी बसली. शेवंताक्का एकदा पंचायतीत निवडून आली, खालच्या गल्लीनं तिला मत दिलं नाही, आणि वरल्या गल्लीतही भांडण निघालं की म्हणायचे, "हिचं काय सांगतोस, हिनं गोष्ट चोरली." गोष्टचोर. तिच्या सुनेला पाणवठ्यावर हे ऐकावं लागलं. आणि मी? मी लोंढ्यापासून सदलग्यापर्यंत शिबिरं घेत राहिलो आणि प्रत्येक ठिकाणी सांगत राहिलो, की एक गाव होतं, दोन गल्ल्या होत्या, आणि एका गोष्टीनं त्या कायमच्या जोडल्या. इतक्या वेळा सांगितलं, की सांगताना मला त्या जोडलेल्या गल्ल्या दिसायच्यासुद्धा.

शेवंताक्कानं माझं नाव कुणाला सांगितलं नाही.

फोननंतर दोन दिवस तगमगलो आणि गेलो. शेवंताक्का दारात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. आता वाकली आहे, जीभ मात्र सरळ आहे.

"आलात? सत्काराचं सांगाय आलात न्हवं?"

"व्हय."

"कशाचा सत्कार, सर? आणि येकदा चोर म्हनवून घ्याचं व्हय? आता जाग्यावर बसू द्या."

"तुम्ही त्या वेळी सांगितलं का नाही कुणाला? मी सांगायला लावलं म्हणून?"

ती शेंग फोडायची थांबली. "लावलं तुम्ही. पन तोंड माझं हुतं." मग म्हणाली, "आणि म्हनलं, सर सांगतील की कवातरी. वाट बघितली. मंग ती बी सवय ग्येली."

तिथून खालच्या गल्लीत जायला काही पावलंच आहेत. ती मी कधी टाकली नव्हती. पद्मक्का ओसरीवर होती. तिनं कन्नडमध्ये विचारलं, कोण? मी ओशाळून मराठीत उत्तर दिलं.

"कन्नड येतंय न्हवं तुम्हाला?" ती म्हणाली. "त्या दिवशी बी येत हुतं. मी बघत हुते तुमच्याकडं. मी गाठीचं म्हनलं तवा तुमचं तोंड बदाललं."

म्हणजे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"मग तुम्ही शेवंताक्कावर का रागावलात?" मी विचारलं. "राग माझ्यावर काढायचा."

"तुम्ही कोन माझं?" पद्मक्का म्हणाली. "राग आपल्या मानसावर येतोय."

आतून तिच्या सुनेनं पाणी आणून दिलं. तांब्या हातात घेऊन मी म्हणालो, की मला हे सगळं लिहायचंय, त्या नवरीचं खरं वाक्यसुद्धा. लिहू का?

"ल्ह्या. पन माझ्या गल्लीचं म्हनून ल्ह्या. तुमचं म्हनून नगो."

म्हणून वर लिहिलंय ते. गाठ मी मारणार, आणि सोडणार पण मीच. ते खालच्या गल्लीचं आहे.

शिबिराच्या दिवशी समुदाय भवन भरलं होतं. नव्या मेंबर बायका हळदी-कुंकवाला याव्यात तशा नटून आलेल्या, तरुण मंडळाची पोरं मोबाईल घेऊन भिंतीला टेकलेली. माझी ओळख लांबलचक झाली. मी उभा राहिलो तेव्हा शेवंताक्का पुढच्या रांगेत होती. सत्कार घेणार नाही पण ऐकायला येते, असं म्हणून आली होती. पद्मक्का मागं, दाराजवळच्या खांबाला पाठ लावून.

मी गोष्ट सांगितली नाही. गोष्टीचं काय केलं ते सांगितलं. नियम माझा होता, वाक्य माझं होतं, पद्मक्काला सांगतो म्हणून न सांगणारा मी होतो. शेवंताक्कानं काही चोरलं नाही. मी तिच्या हातात दिलं आणि निघून गेलो. त्यानंतर ज्या ज्या गावात मी हे जोडल्याचं सांगितलं, तिथं तिथं खोटं सांगितलं. मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

खालच्या गल्लीचा एक म्हातारा उठला. "सर, आता सांगून काय? त्या वक्ताला त्वांड न्हवतं काय तुम्हाला?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"मंग आम्ही या बाईला येवढी वर्सं..." तो शेवंताक्काकडं बघून थांबला आणि खाली बसला. त्याचं वाक्य कुणी पुरं केलं नाही. फोनवरची ती उत्साही मुलगी हातात शाल धरून उभी होती; ती शाल कुणाला घालायची हे तिला कळेना.

तेवढ्यात शेवंताक्का उठली. माझ्याकडं बघितलंही नाही. लोकांकडं तोंड करून तिनं सुरुवात केली. दुष्काळ, वाक, दोर, पोराच्या तोंडात पिळलेलं ओलं टोक. आवाज पहिल्यासारखा नव्हता, मधे खोकला येत होता. "दोर भिजला," ती म्हणाली, "पन पानी वर ईना."

आणि थांबली.

भवनातल्या पोरांना पुढं काय म्हणायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं. म्हाताऱ्या बायका तेवढ्या मागं वळल्या. कुणीतरी अगदी बारीक आवाजात म्हणालं, "मुंद हेळ्री."

पद्मक्का खांबाला धरून उठली.

"तंबाखू अजून रानात हाय," ती म्हणाली. "काम सपल्याबिगर कसली गोष्ट? हात तर काळं होऊ द्यात आधी."

आणि पदर सावरून दाराकडं चालायला लागली. दारात थांबून, न वळता, तिनं विचारलं:

"दोर हाय का उंदरांनी खाल्ला?"

"हाय," शेवंताक्का म्हणाली. "माळ्यावर."

"बघून ठीव. कुजला असंल."

"तुझी घागर बघ की आधी! पोचं आलं असतील."

"माझ्या घागरीला काय धाड भरलीय!" असं म्हणत पद्मक्का गेली. मागं पहिल्यांदाच कुणीतरी हसलं. एक नवी मेंबर, हळूच, विचारल्यासारखं म्हणाली, "ती जाळी आम्ही काढून घेऊ का, आक्का?" शेवंताक्कानं होकाराची मान हलवली.

निघताना मी तिला विचारलं, हातधुण्याला मी येऊ का?

"आलात तर लांब बसा," ती म्हणाली. "आणि मधी बोलू नगासा."

तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. त्या गावात तंबाखू आता फार नाही. उसाच्या मधे दोनचार पट्ट्या, त्यातली एक शेवंताक्काच्या पोराची, एक खालच्या गल्लीतली. थोडंच काम आहे, पण म्हातारी माणसं आहेत दोघी, आणि हंगाम कुणाच्या हातात नसतो. पाऊस आला तर? कुणाची तब्येत बिघडली तर? त्या दिवशी पद्मक्का पुढं सांगेलच असंही नाही. ती नुसती घागर घेऊन येईल आणि गाठ न मारता परत जाईल, तरी तो तिचा हक्क आहे. हे मला पटतं, आणि पटूनही स्वस्थ बसवत नाही.

रोज सकाळी फोन करतो. शेवंताक्काचा मुलगा उचलतो, आता तर माझा आवाज ऐकून आधीच हसतो.

"निघाली का तंबाखू?"

"न्हाय, सर. दव लई पडतंय. आई रानातच हाय."

"आणि खालच्या गल्लीची?"

"त्यांची बी हायच."

मी फोन ठेवतो, चहा ठेवतो, आणि खिडकी उघडतो. बाहेर फाउंड्रीची काजळी, आणि माझ्या नाकात ती खाज. शिंक आली की बायको आतून म्हणते, "बंद करा हो ती खिडकी." मी करत नाही.